शिकारीची गोळी आणि निशाणाची गोळी

कलकत्त्याच्या विमानतळास १९९५ सालीं नेताजी सुभाषचंद्र बोस ह्यांचें नांव देण्यांत आलें. तथापि त्या शहरांतील वयस्क माणसें अद्यापि त्यास डमडमच म्हणतात. इतिहासांत ह्या लहानशा गांवाचें नांव दोन वेळां गाजलें, आणि दोन्ही वेळां तें काडतुसांमुळेंच गाजलें. १८५७ च्या जानेवारींत येथील बंदुकीच्या शिक्षणकेंद्रांत एका खलाशानें एका ब्राह्मण शिपायाजवळ पाण्याचा लोटा मागितला. शिपायानें तो देण्याचें नाकारलें. तेव्हां नवीं काडतुसें दांतांनीं तोडावीं लागतील त्या वेळीं तुझी जात कोठें राहील, अशा अर्थाचें उत्तर त्यास मिळालें. ही हकीकत आपण शाळेंत असतांनाच वाचलेली असते. दुसरी हकीकत शाळेंत कोणी शिकवीत नाहीं. ती त्यानंतर चाळीस वर्षांनीं घडलेली आहे, आणि तिच्यामुळें 'डमडम' हा शब्द युरोपांतील अनेक भाषांच्या कोशांत जाऊन बसला.

डमडम गोळी म्हणजे शरीरांत शिरल्यावर पसरणारी व भयंकर जखम करणारी गोळी, एवढें पुष्कळांस ठाऊक असतें. ती म्हणजे कोणा राक्षसी बुद्धीच्या माणसानें शोधून काढलेलें अगदीं नवें हत्यार असावें, असाही एक समज आहे. तो खरा नाहीं. तसल्या गोळ्या शिकाऱ्यांच्या कमरपट्ट्यांत त्यापूर्वीं कित्येक वर्षें होत्या, आणि तेथें त्यांस कोणी क्रूर म्हणत नसे. उलट दयाळू शिकारी त्याच निवडीत. मग डमडम येथें घडलें तें काय? तें समजून घ्यावयाचें तर बंदुकीच्या दुकानांत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या साध्या प्रश्नापासून आरंभ केला पाहिजे: काडतूस कोणतें घ्यावें, निशाणावर मारावयाचें कीं शिकारीचें?

हा प्रश्न मला प्रथम पडला तो माझ्या मामांच्या घरीं. ते वनखात्यांत होते. मेळघाटांत त्यांची बरीच नोकरी झाली. त्यांच्या कपाटांत काडतुसांच्या दोन पेट्या असत. एकीस लाल दोरा बांधलेला, दुसरीस पांढरा.

"मामा, दोन्हींत फरक काय?" मीं एकदां विचारलें.

"पांढरी कागदासाठीं, लाल जनावरासाठीं."

"आणि जनावरावर पांढरीच मारली तर?"

मामा कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "तसें एकदां केलें आहे, बाबा."

तरुणपणीं, शेताची नासधूस करणाऱ्या एका रानडुकराच्या पाठीवर असतां त्यांची लाल दोऱ्याचीं काडतुसें संपलीं होतीं. तीं मिळेपर्यंत थांबण्याचा धीर निघाला नाहीं. गोळी नेमकी जेथें लागावी तेथें लागली, आणि पेन्सिलीनें कागदास भोंक पाडावें तशी दुसऱ्या बाजूनें निघून गेली. डुकर पळालें. तिसऱ्या दिवशीं तें एका नाल्याच्या कपारींत सांपडलें, तेव्हां जिवंत होतें. "नेम चुकला असता तरी चाललें असतें," मामा म्हणाले, "गोळीची निवड चुकली." हें सांगतांना ते माझ्याकडे पाहत नव्हते.

ह्या दोन गोळ्यांतील भेद असा. निशाणावर मारणाऱ्यास गोळीनें कागदापर्यंत काय करावें एवढ्याचीच चिंता असते. शंभर गोळ्या वजनानें, आकारानें व तोलानें एकसारख्या असाव्यात, वाऱ्यानें शक्य तितक्या कमी ढळाव्यात, आणि एकीमागून एक त्याच छिद्रांतून जाव्यात. कागदास भोंक पडल्यानंतर तिचें काय होतें ह्याचा त्यास विचार करावा लागत नाहीं. शिकाऱ्याची खरी चिंता मात्र तेथूनच सुरू होते. दीडशें यार्डांवर त्याची गोळी दोन बोटें इकडे तिकडे गेली तरी फारसें बिघडत नाहीं. पण जनावराच्या अंगांत शिरल्यावर ती पसरली नाहीं, किंवा कातडीशींच फुटून तिचे तुकडे झाले, तर जनावर मरत नाहीं, कुजत जगतें. म्हणून शिकारीची गोळी ठरावीक वेगानें, ठरावीक खोलीवर, ठरावीक प्रमाणांत उमलावी लागते. एकीची सारी करामत हवेंत दिसून येते, दुसरीची मांसांत.

जोंपर्यंत गोळी नुसत्या शिशाची होती तोंपर्यंत हा भेद फार तीव्र नव्हता. शिसें मऊ, तें माणसाच्या, हरिणाच्या किंवा मातीच्या बांधाच्या, कशाच्याही अंगांत शिरलें तरी चेपतें. पहिला फांटा फुटला तो गोळी लांबट झाल्यावर. मँचेस्टर येथील प्रसिद्ध यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ ह्यांनीं इंग्लंडच्या सरकारच्या सांगण्यावरून बंदुकीच्या नळीचा अभ्यास केला आणि षट्‍कोनी पोकळीची नळी तयार केली. लष्कराच्या एन्‌फील्ड बंदुकीची नळी ०.५७७ इंच रुंद होती, व्हिटवर्थ ह्यांची ०.४५१ इंच; गोळीचें वजन दोहोंतही ५३० ग्रेन, म्हणजे जवळजवळ तीन तोळे. तेवढेंच वजन अरुंद केल्यामुळें गोळी लांब झाली आणि हवा कापीत दूरवर सरळ जाऊं लागली. १८५७ सालच्या परीक्षेंत तिनें एन्‌फील्डला पार मागें टाकलें. लष्करानें ती घेतली नाहीं, कारण ती महाग होती आणि दारूची काजळी तिच्यांत लवकर सांचे. पण निशाणबाजांनीं ती उचलली. २ जुलै १८६० रोजीं विंबल्डनच्या माळावर नॅशनल रायफल असोसिएशनचा पहिला मेळा भरला, तेव्हां पहिला बार व्हिक्टोरिया राणीनें काढला. लोखंडी बैठकीवर घट्ट बसविलेली व्हिटवर्थ रायफल, तिच्या घोड्यास बांधलेली रेशमी दोरी, आणि चारशें यार्डांवरील निशाण. राणीनें दोरी ओढली. गोळी मध्यबिंदूपासून सवाएक इंचावर लागली. राणीच्या कौशल्याचा त्यांत भाग किती, हें वाचकांनींच ठरवावें. पण त्या दिवसापासून निशाणाची गोळी ही एक स्वतंत्र वस्तु म्हणून प्रतिष्ठित झाली.

शिकाऱ्यांनीं ह्याच सुमारास उलट दिशा धरली. लंडनचे बंदूक तयार करणारे पर्डी ह्यांनीं १८५६ सालीं हलकी गोळी व जास्त दारू अशी जोडी जमवून तिला आगगाडीवरून 'एक्स्प्रेस' असें नांव दिलें. ह्या जातीच्या गोळ्यांच्या टोंकास पोकळ छिद्र ठेवण्याची चाल पडली. हेतु हा कीं, अंगांत शिरतांच टोंक फांकावें. हरिणावर ती रामबाण ठरली. वाघ, अस्वल, गवा ह्यांवर मात्र तिनें शिकाऱ्यांस दगा दिला, कारण जाड स्नायूंत ती वरच्यावरच फुटे. नाईल नदीच्या उगमाकडील शोधांमुळें विख्यात झालेले सर सॅम्युएल बेकर हिंदुस्थानांतही पुष्कळ शिकार करीत. १८९० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं ह्या पोकळ गोळीवर कडक टीका केली. त्यांचें मत असें कीं, वाघासाठीं ०.५७७ ची भरीव व शुद्ध शिशाची गोळी असावी. ती भूछत्रासारखी पसरते, तरी अखंड राहते, आणि पलीकडच्या कातडीखालीं अडकून आपला सर्व जोर जनावराच्या अंगांतच खर्च करते. बेकरसाहेबांनीं मारलेल्या जनावरांची संख्या वाचून आज अंगावर कांटा येतो. पण गोळीविषयींचा त्यांचा हा विचार एका शतकानंतरही जुना झालेला नाहीं.

ह्यानंतर जी क्रांति झाली ती दारूची. १८८४ सालीं फ्रान्समध्यें पॉल व्हिएय ह्यांनीं धूर न करणारी दारू सिद्ध केली, आणि १८८६ सालीं फ्रेंच लष्करानें तीवर चालणारी लेबेल रायफल घेतली. तिच्या मागोमाग सर्व राष्ट्रें धांवलीं. इंग्लंडनें १८८८ सालीं ०.३०३ इंची ली-मेटफर्ड स्वीकारली. जुन्या मार्टिनी-हेन्रीची शिशाची गोळी ४८० ग्रेनांची, म्हणजे पावणेतीन तोळ्यांस किंचित कमी; ली-मेटफर्डची २१५ ग्रेनांची, म्हणजे सव्वा तोळाही नव्हे. पण तिचा वेग फारच मोठा. त्या वेगांत नुसतें शिसें टिकत नाहीं. नळींतील मळसूत्री खांचांवर तें खरवडून निघतें. म्हणून स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन ह्यांनीं पुढें आणलेली युक्ति सर्वांनीं उचलली: शिशाच्या गाभ्यावर कठीण धातूचें आवरण चढवावयाचें. इंग्रजी गोळीचें आवरण तांबें व निकल ह्यांच्या मिश्रणाचें होतें. तें टोंकाकडून चढवीत आणि बुडाशीं शिसें उघडें राही. ही बुडाची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. ती पुढें दोनदां उपयोगास येईल.

आवरण आलें तें शिसें टिकावें म्हणून. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला कीं, गोळी माणसाच्या अंगांतून स्वच्छ छिद्र पाडून निघून जाऊं लागली. शस्त्रवैद्यांस आनंद झाला. ही गोळी माणुसकीची, असें कित्येकांनीं लिहिलें. सेनापतींस मात्र तो आनंद वाटला नाहीं. १८९५ च्या एप्रिलांत चित्रळ येथें अडकलेल्या तुकडीच्या सुटकेसाठीं मलकंदच्या खिंडींतून फौज गेली, आणि तेथून तक्रारी येऊं लागल्या. अंगावर धांवून येणारा पठाण गोळी लागूनही थांबत नाहीं. दोनतीन गोळ्या खाऊन तो तरवार चालवितो, आणि पुढें चालत आपल्या गांवीं जातो! मामांचें रानडुकर येथें वाचकांस आठवेल, आणि आठवावें असाच ह्या तक्रारींचा सूर होता. लष्करी अधिकाऱ्यांपैकीं पुष्कळ शिकारीही होते. सैन्याच्या हातीं निशाणाची गोळी आली आहे, आपणांस शिकारीची हवी आहे, हें त्यांच्या ध्यानांत येण्यास वेळ लागला नाहीं.

डमडमच्या काडतुसांच्या कारखान्यावर त्या वेळीं कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले हे अधिकारी होते. त्यांनीं केलेला फरक दिसण्यांत अगदीं क्षुल्लक होता. गोळीच्या टोंकावरील आवरण सुमारें एक मिलिमीटर कमी करून त्यांनीं आंतील शिसें उघडें ठेवलें. बाकी गोळी तीच, रायफल तीच, दारूही तीच. परंतु अंगांत शिरतांच तें उघडें शिसें चेपून आवरणास फाडी आणि गोळी फुलासारखी उमले. १८९७ साल आपल्याकडे पुण्याचा प्लेग, रँडचा खून आणि टिळकांचा तुरुंगवास ह्यांमुळें लक्षांत राहिलें आहे. त्याच वर्षीं वायव्य सरहद्दीवर आफ्रिदी व ओरकझाई टोळ्या उठल्या आणि तिराहच्या डोंगरांत मोठी फौज गेली. तेथें ही गोळी वापरण्यांत आली. पुढल्या वर्षीं सुदानच्या मोहिमेवर निघालेल्या गोऱ्या पलटणींजवळ साध्या आवरणाच्या गोळ्या होत्या, तेव्हां शिपाई बसून कानशींनीं त्यांचीं टोंकें घांसूं लागले. इंग्लंडांतही टोंकास छिद्र ठेवलेली स्वतंत्र गोळी निघाली. तिला 'मार्क चार' म्हणत.

जर्मनींत ट्यूबिंगेन येथील प्रसिद्ध शस्त्रवैद्य पॉल फॉन ब्रुन्स ह्यांनीं १८९८ सालीं उघड्या टोंकाच्या गोळ्यांवर प्रयोग करून जखमांचीं भीषण वर्णनें प्रसिद्ध केलीं, आणि युरोपभर खळबळ उडाली. इंग्रजांनीं तत्काळ उत्तर दिलें कीं, ब्रुन्स ह्यांनीं वापरलेली गोळी डमडमची नव्हेच. ती माउझर रायफलींत चालणारी शिकारीची गोळी होती, आणि तिच्या टोंकाचें शिसें डमडमच्या गोळीहून कितीतरी अधिक उघडें होतें. हा आक्षेप वस्तुस्थितीस धरून होता. परंतु त्यांतच त्यांची पंचाईत होती, असें मला वाटतें. डमडमची गोळी शिकारीच्या गोळीपेक्षां थोडी सौम्य आहे, हा बचाव करणें म्हणजे ती त्याच कुळांतली आहे हें कबूल करणेंच नव्हे काय?

१८ मे १८९९ रोजीं हेग येथें पहिली शांततापरिषद भरली. हा प्रश्न तेथें निघावा ह्यांत नवल नव्हतें. १८६८ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें युरोपीय राष्ट्रांनीं चारशें ग्रॅमांहून कमी वजनाचे स्फोटक गोळे न वापरण्याचा करार केलेलाच होता, आणि निष्कारण यातना वाढविणारीं शस्त्रें वर्ज्य असावीं हें तत्त्व त्यांत आलें होतें. इंग्लंडचे लष्करी प्रतिनिधि सर जॉन आर्डा ह्यांनीं डमडमचा बचाव केला. त्यांच्या भाषणाचा आशय असा: सुधारलेल्या राष्ट्राच्या शिपायास गोळी लागली कीं तो थांबतो, कारण लवकर उपचार झाले तर आपण वांचूं हें त्यास कळतें, रानटी व धर्मवेडा माणूस मात्र अंगास भोंक पडलें तरी पुढें येतच राहतो, आणि आपल्या गोळीनें शत्रूनें युद्धाचा नियम मोडला हें त्यास समजावून देण्यापूर्वीं तो आपलें डोकें उडवून मोकळा होतो.

हें भाषण आज वाचतांना त्यांतील उपरोध बोंचतो. पण मला त्याहून बोंचते ती त्यामागील वर्गवारी. वाघाची कातडी जाड, म्हणून त्यास एक गोळी. हरिणाची पातळ, म्हणून दुसरी. शिकाऱ्याच्या वहींतील हें कोष्टक माणसांस लावलें गेलें. युरोपीय शिपायास आवरणाची गोळी, आफ्रिद्यास उघड्या टोंकाची! पठाणाचें शरीर काय निराळ्या मांसाचें होतें? तो थांबत नव्हता ह्याचें कारण त्याच्या कातडींत नव्हतें. तो आपल्या दारांत उभा राहून लढत होता. आणि ज्यांच्या शरीरांविषयीं हा वाद चालला होता त्यांपैकीं एकही माणूस त्या सभागृहांत नव्हता. रशियाच्या व इतर राष्ट्रांच्या प्रतिनिधींनीं रानटी व सुधारलेले असा भेद करण्यास नकार दिला, हें त्यांचें श्रेय; तथापि त्यांच्याही वसाहती होत्या, हें विसरूं नये.

समितीच्या मतमोजणींत इंग्लंड व अमेरिका हीं दोनच राष्ट्रें विरुद्ध गेलीं. अमेरिकेचे कॅप्टन क्रोझियर ह्यांचें म्हणणें विचार करण्यासारखें होतें. गोळीच्या घडणीचें वर्णन करून बंदी घालूं नका, तिच्या परिणामावर घाला. नाहींतर उद्यां कोणी वर्णनाबाहेरची पण तितकीच भयंकर गोळी करील. परिषदेनें तें मानलें नाहीं. २९ जुलै १८९९ च्या जाहीरनाम्यानें, माणसाच्या शरीरांत सहज पसरणाऱ्या वा चपट्या होणाऱ्या गोळ्या वर्ज्य ठरविल्या, आणि उदाहरण म्हणून गाभा पुरता न झांकणाऱ्या किंवा छेद दिलेल्या आवरणाच्या गोळीचा निर्देश केला. इंग्लंडनें सही केली ती १९०७ सालीं. अमेरिकेनें ह्या जाहीरनाम्यावर कधींच केली नाहीं.

मौज अशी कीं, इंग्लंडची छिद्राची गोळी ह्याच १८९९ च्या उन्हाळ्यांत स्वतःच्याच दोषानें बदनाम झाली. उन्हानें तापलेल्या व काजळी धरलेल्या नळींतून ती उडवली असतां कधीं कधीं शिशाचा गाभा एकटाच पुढें निघून जाई आणि आवरण नळींत अडकून बसे. मागून दुसरा बार झाला कीं नळीची व नेमबाजाची धडगत नसे. कारण तेंच, बुडाचें: बूड उघडें, आणि आतां टोंकही दुबळें केलेलें, मग दारूच्या दाबानें गाभा नळकांड्यांतून निघाल्यासारखा निघावा ह्यांत आश्चर्य तें काय? ऑक्टोबरांत बोअर युद्ध पेटलें तेव्हां इंग्लंडनें तेथें साधी गोळी वापरण्याचें ठरविलें. समोरचा शत्रु गोरा होता, हेंही त्याचें एक कारण असावें. बोअर हे जातीचे शिकारी. त्यांच्या पट्ट्यांत शिकारीचीं काडतुसें सांपडत, आणि दोन्ही पक्ष एकमेकांवर तोच आरोप करीत राहिले.

क्रोझियर ह्यांची भीति खरी ठरण्यास फार वर्षें लागलीं नाहींत. १९०५ च्या सुमारास जर्मनीनें अणकुचीदार, हलकी व वेगवान गोळी घेतली, आणि १९१० सालीं इंग्लंडनें १७४ ग्रेनांची 'मार्क सात' काढली. तिचें आवरण अखंड होतें. टोंकाला छिद्र नाहीं, छेद नाहीं. परंतु आवरणाच्या आंत टोंकाशीं शिशाऐवजीं ॲल्युमिनियमचा तुकडा होता. महायुद्धाच्या काळांत लांकडाचा लगदाही वापरीत. त्यामुळें वजन मागें सरलें, आणि अंगांत शिरतांच गोळी कोलांटी खाऊं लागली. जाहीरनाम्याचें अक्षर पाळलें गेलें. जखम कशी होई हें त्या युद्धांतील इस्पितळांनीं पाहिलें आहे.

आतां निशाणाच्या गोळीकडे वळावयास हवें, कारण तिनें पुढें कायद्यास एक नवेंच कोडें घातलें. अमेरिकेंत फ्रँकलिन मान नांवाचे एक डॉक्टर होते. गोळी नेम कां चुकते ह्या एकाच प्रश्नानें त्यांस इतकें पछाडलें कीं, आपल्या आयुष्याचीं कित्येक वर्षें त्यांनीं बंदूक काँक्रीटच्या भक्कम बैठकीवर बसवून, मुद्दाम बिघडविलेल्या गोळ्या झाडण्यांत घालविलीं. कोणाचें टोंक वांकवावें, कोणाचें बूड तासावें, आणि कागदावरचीं छिद्रें मोजावीं. १९०९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकांतील एक निष्कर्ष सामान्य समजुतीस धक्का देणारा होता: टोंक बरेंच विद्रूप झालें तरी गोळी जवळजवळ तेथेंच लागते, बूड किंचित तिरपें झालें तर मात्र ती भरकटते. विचार केला म्हणजे हें पटतें. नळींतून सर्वांत शेवटीं बाहेर पडतें तें बूड. मागून येणारा वायु त्यावर सर्व बाजूंनीं सारखा दाबला पाहिजे. गलबताची दिशा सुकाणूकडे असते, नाळेकडे नव्हे.

म्हणून निशाणाच्या उत्तम गोळीची घडण उलट झाली. आवरण बुडाकडून चढवावयाचें, तें बूड नितळ व चौकस करावयाचें, शिसें टोंकाकडून भरावयाचें आणि मग टोंक मिटवून घ्यावयाचें. तें पुरतें मिटत नाहीं. सुईच्या अग्राएवढें भोंक राहतें. सिएरा ह्या अमेरिकन कंपनीची 'मॅचकिंग' गोळी अशीच आहे. अमेरिकेच्या लष्करानें ती प्रथम नेमबाजीच्या सामन्यांत वापरली आणि नंतर दूरवरच्या लक्ष्यासाठीं आपल्या निवडक नेमबाजांस रणांगणावर द्यावयाचें ठरविलें. तेव्हां प्रश्न निघाला: टोंकास भोंक असलेली गोळी, मग ही डमडमची बहीण नव्हे काय? लष्कराच्या कायदेखात्यांतील हेज पार्क्स ह्यांनीं १९९० सालीं दिलेल्या अभिप्रायांत ती वैध ठरविली. कारण तें भोंक गोळी पसरावी म्हणून ठेवलेलें नाहीं, घडणींतून उरलेलें आहे. हा निर्णय मला तर्कास धरून वाटतो. पण त्यांत अडचण आहे. ती गोळी प्रत्यक्ष शरीरांत काय करील ह्याचा भरंवसा नसतो. कधीं ती सरळ निघून जाते, कधीं वांकते, कधीं तिचे तुकडे होतात. खुद्द तिचे कारखानदार ती शिकारीसाठीं वापरूं नये असें सांगतात, आणि सांगण्याचें कारण हेंच कीं जनावराच्या बाबतींत एवढी अनिश्चितता चालत नाहीं.

शिकारीच्या गोळीचें पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतो. पसरणारी गोळी हीच नेहमीं योग्य, असेंही नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं आफ्रिकेंत बेल नांवाच्या स्कॉटिश शिकाऱ्यानें हजाराहून अधिक हत्ती मारले. त्यांतील पुष्कळ ०.२७५ सारख्या लहान रायफलीनें, लष्करी धर्तीच्या अखंड आवरणाच्या गोळ्यांनीं. हत्तीच्या कवटीचें हाड एवढें जाड कीं मऊ टोंकाची गोळी मेंदूपर्यंत पोंचतच नाहीं. हस्तिदंतासाठीं झालेल्या त्या संहाराचें कौतुक करण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु दाखला ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. उलट बाजूचा दाखला १९४६ सालचा. कॅनडाच्या रानांत जॉन नॉस्लर ह्यांनीं चिखलानें लडबडलेल्या एका मूसवर, म्हणजे तिकडील घोड्याएवढ्या सांबरावर, जवळून गोळ्या झाडल्या; त्या कातडीशींच फुटल्या. घरीं येऊन त्यांनीं गोळीच्या आंत मधोमध धातूचा आडवा पडदा ठेवला. पुढला अर्धा भाग उमलतो, पडद्यामागचा अखंड राहून खोल जातो. बेकरसाहेबांस शुद्ध शिशाकडून जें हवें होतें तेंच हें, नव्या वेगास झेपेल असें.

आपल्याकडे हा प्रश्न आतां बहुतेक मिटलेला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद केली. पिकें उध्वस्त करणाऱ्या रानडुकरासाठीं वा रोह्यासाठीं सरकार कोठें कोठें परवानगी देतें तेवढाच अपवाद. मामांनीं रायफल जमा केली. लाल दोऱ्याच्या पेटींत अखेरीस सात काडतुसें शिल्लक होतीं, तीं त्यांनीं स्वतः मोजून दिलीं आणि पावती घेतली. ती पावती अजून आमच्याकडे आहे. निशाणाची गोळी मात्र महाराष्ट्रांत चांगली रुजली. १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिंपिकांत कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे ह्यांनीं पन्नास मीटर रायफलींत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक आणलें. ह्या प्रकारांत जी ०.२२ ची लहान गोळी वापरतात तिला आवरणच नसतें. तिचा वेग ध्वनीच्या वेगाहून कमी ठेवलेला असतो, म्हणून नुसतें शिसें नळींत टिकतें. कागदाच्या मागें पोलादी पत्रा असतो. त्यावर आदळून ती गोळी चपटी होते आणि खालच्या पेटींत जाऊन पडते.